वठल्या शिरीषातली माहेरवाशीण

मागच्या खोलीची खिडकी उघडली की समोर काहीतरी बरं दिसावं, एवढीच रघुजीरावांची इच्छा होती. माणसानं मोठ्या इच्छा धरू नयेत हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. लहान इच्छाही धरू नयेत, हे शिकायचं त्या फाल्गुनापर्यंत राहून गेलं होतं.

ती खोली बाळंतिणीची व्हायची होती. लेक प्रियांका धारला दिलेली, तिला आठवा लागलेला, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच, हा बकुळाबाईंच्या घरातला कायदा संस्थानं गेली, प्रांतांची नावं बदलली, तरी तसूभर हलला नव्हता. देवासच्या त्या घरात बकुळाबाईंनी बाज नव्यानं विणून घेतली, शेकाला मातीची शेगडी आणली, झबली-टोपडी उन्हं दाखवून घडीत ठेवली. आता फक्त बाळंतीण तेवढी यायची बाकी होती. पण खिडकी उघडली की समोर, दोन हातांवर, वठलेला शिरीष.

एके काळी त्याच्या शेंगा वाऱ्यावर वाजल्या की पैंजण घातलेल्या पोरी अंगणात उतरल्यासारखं वाटायचं. मग तीन उन्हाळ्यांपूर्वी तो काही न सांगता वाळला. पान गेलं, साल गेली, आणि घरातल्या जुन्या माणसासारखा तो कुणाच्या मध्ये न येता उभा राहिला. आता मात्र मध्ये आला.

"अहो, पोरीनं डोळे उघडले की पहिलं काय दिसणार? वठलेलं झाड! काढून टाका ते," बकुळाबाई म्हणाल्या.

रघुजीराव वीज खात्यातून मीटर-वाचकांचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या घरी जायचं, कुणाच्या भांडणात कान घालायचा नाही, आकडा टिपायचा आणि बाहेर पडायचं, ही त्यांची चौतीस वर्षांची साधना. त्यामुळे वाळलेलं झाड पाडायलाही कागद लागतो हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. कागदात काय लिहावं, हे मात्र शेजारच्या नीलकंठरावांनी सांगितलं.

नीलकंठराव म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक. कुठल्याही विषयावर मत द्यायला त्यांना त्या विषयाची गरज पडत नसे.

"नुसतं 'वठलं आहे' लिहू नका, रघुजीराव. वठलेल्याला कोण विचारतं? तुम्ही-आम्ही वठलोच आहोत की! 'खतरनाक' लिहा. खतरनाक म्हटल्याशिवाय कचेरी हलत नाही."

रघुजीरावांनी लिहिलं, 'वृक्ष अत्यंत खतरनाक स्थिति में है.' शिरीषाकडे पाहून त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. इतक्या गरीब झाडाची इतकी बदनामी कुणी केली नसेल.

चौथ्या दिवशी झाडांच्या परवानगीच्या कचेरीतून एक माणूस आला. तोंडात गुटखा, काखेत फाईल. त्यानं शिरीषाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि खिशातलं पेन काढून खोडावर वाजवलं. टक्. टक्.

वरून उत्तर आलं. टकटकटकटक्.

माणूस दोन पावलं मागे सरला. "बाबूजी, अंदर कोई है."

दोघांनी माना वर केल्या. दीड पुरुष उंचीवर, लिंबाएवढं गोल भोक होतं. त्या भोकातून एक लांब चोच बाहेर आली, भुसा थुंकली आणि आत गेली.

"अब देखो भिया," माणूस अत्यंत दुःखानं म्हणाला, "मकान खाली नहीं है. किरायेदार बैठा हो तो मकान कैसे गिरवाऊँ?" त्यानं फाईलमधून एक फॉर्म काढला. "बस ये दो खाने भर दो. एक में पक्षी की प्रजाति. दूसरे में उसका रहवास. बाकी मैं देख लूँगा."

दोनच तर रकाने. रघुजीरावांनी आयुष्यात हजारो रकाने भरले होते.

त्याच संध्याकाळी धारहून फोन आला. बकुळाबाई पुरणाची डाळ निवडत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. पुढं जे झालं ते साऱ्या घरानं ऐकलं ते त्यामुळे.

"आई, तू टेन्शन नको घेऊ ना," प्रियांका म्हणाली. टेन्शन घ्यायला लावणारी प्रत्येक गोष्ट ती याच वाक्यानं सुरू करी. "आम्ही ठरवून राहिलो होतो की डिलिव्हरी इथेच करू. डॉक्टर इथली आहे, सगळं तिला माहीत आहे. आणि अनीशनं सुट्टी टाकली आहे."

"कसली सुट्टी?"

"बाळंतपणाची. बापाला पण मिळते ग आता. पंधरा दिवस."

बकुळाबाईंच्या हातातली डाळ थांबली. जावई अनीश गंधवानीच्या शाळेत शिक्षक, रोज धारहून एवढा पल्ला जाऊन-येऊन करणारा, मुखदुर्बळ, सज्जन. त्याच्यावर त्यांचा राग नव्हता. राग गणितावर होता.

"बाळंतपण चाळीस दिवसांचं," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि सुट्टी पंधरा दिवसांची. उरलेले पंचवीस दिवस कोण करणार? शाळेचा शिपाई?"

"आई!"

"पुरुषाच्या जातीला बाळंतीण म्हणजे काय ते माहीत असतं होय? राहा हो तिथंच. आमची खोली काय, रिकामी राहायची सवय आहे तिला."

आणि त्यांनी डाळीच्याच हातानं फोन बंद केला. त्या दिवसापासून धार आणि देवास यांच्यामधली लाईन मुकी झाली. प्रियांकाला वाटे आईनं करावा, आईला वाटे लेकीनं करावा. मध्ये रघुजीराव, चौतीस वर्षं कुणाच्या भांडणात कान न घातलेले. त्यांना आता कळेना की स्वतःच्या घरातलं भांडण असलं तर कान कुठे घालायचे असतात. लेक एकटी बाळंत व्हायची, इकडे आई शेगडी उराशी धरून बसायची, आणि पुढं वर्षानुवर्षं दोघींनी हे एकमेकींना ऐकवायचं, एवढं मात्र त्यांना लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळाबाई खिडकी बंद करायला म्हणून त्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रघुजीराव दबकत आत गेले. बकुळाबाई गजांना धरून उभ्या होत्या.

"अहो, इकडे या. हळू. बघा तिच्या डोक्यावर."

खोडावर पाखरू चिकटलं होतं. मैनेहून लहान, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पाठ, जणू बांधणीचं लुगडं. आणि डोकं? पुढं कपाळावर हळदीसारखं पिवळं, त्याच्यामागे कुंकवासारखं लाल. नीट भरलेलं, जराही फिसकटलेलं नाही.

"हळद-कुंकू ल्यालीय," बकुळाबाई कुजबुजल्या. "सवाष्ण आहे हो. आणि बाळंतपणाला आलीय. घर बघून आलीय."

इतक्यात दुसरं पाखरू आलं. तसंच ठिपकेदार, पण डोक्यावर नुसतं फिक्कट पिवळं. लालाचा पत्ता नाही.

"तो तिचा नवरा," बकुळाबाईंनी निकाल दिला. रघुजीरावांनाही तो बिनचूक वाटला. सांगा, डोक्यावर कुंकू कुणाच्या असतं? साऱ्या माळव्यात हा प्रश्न कुठल्याही बाईला विचारा.

"झाडाला हात लावायचा नाही," बकुळाबाई म्हणाल्या. "आपली आली नाही, ही आली. माहेरवाशिणीचं घर पाडतात होय?"

आणि त्या शुक्रवारी त्यांनी तिची ओटी भरली. शिरीषाच्या बुंध्याशी तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक आणि गुळाचा खडा. खण कुठं ठेवावा याचा विचार करून शेवटी तो फांदीच्या खुंटाला बांधला. गुळाला मुंग्या लागल्या, मुंग्यांची रांग खोडावर चढली, आणि लाल डोक्याची माहेरवाशीण भोकातून उतरून एकेक मुंगी टिपू लागली.

"घेतली हो ओटी!" बकुळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रघुजीरावांच्याही आलं असतं, पण एक लाल मुंगी त्यांच्या पायजम्यात शिरली होती.

प्रकरण इथं थांबलं असतं तर ही गोष्ट सांगण्याचं कारण नव्हतं. रघुजीराव कचेरीत अर्ज मागे घ्यायला गेले.

"पीछे कैसे लोगे?" फाईलवाला म्हणाला. "आपने खुद लिख के दिया, अत्यंत खतरनाक. अब वो खतरनाक की लिस्ट में चढ़ गया. सोमवार के बाद वाले सोमवार को आरी लेके लड़के आएँगे. आप चाहो, ना चाहो."

"पण त्यात पाखरू आहे ना!"

"तो लिखित में दो. प्रजाति और रहवास. खाना खाली, मतलब पेड़ खाली."

नीलकंठरावांच्या एका विशेषणानं शिरीष फाशीच्या यादीत गेला होता. रघुजीरावांनी घरी येऊन त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शिरीषाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "विशेषण बरोबरच होतं. कचेरीला समास कळला नाही."

आता पाखराचं नाव शोधणं आलं. नीलकंठराव म्हणाले हुदहुद. टकटक करतं ते हुदहुद, डोक्यावर तुरा असतो. या पाखराला तुरा नाही असं दाखवल्यावर ते म्हणाले, वय झाल्यावर तुरा झडतो, आमचं नाही का टक्कल पडलं. समोरच्या बंगल्यातल्या वकिलांनी सांगितलं की नावाच्या भानगडीत पडू नका, 'अज्ञात' लिहा, कोर्टात अज्ञात इसम चालतो. स्वयंपाकाला येणाऱ्या सगुणाबाई लोहारद्याच्या, जंगलाच्या कडेला वाढलेल्या. त्यांनी पदराला हात पुसत वर पाहिलं आणि म्हणाल्या, "यो तो खातीचिड़ो है, बाईसाब. लकडी ठोके, खाती सरीखो. म्हारा उधर घणा है." खाती म्हणजे सुतार.

"चिडो नाही, चिडी," बकुळाबाईंनी सुधारलं. "कुंकू दिसत नाही का?"

सगुणाबाईंनी पुन्हा वर पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बाईसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कणीक मळायला गेल्या. घरात टिकून राहण्याची विद्या ज्यांना येते त्यांना सगळं बोलून दाखवायची हौस नसते.

रघुजीरावांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. फोटो हवा. भोक उंच, म्हणून ते स्वयंपाकघरातलं स्टूल बाजेवर आणि स्वतःला स्टुलावर ठेवून खिडकीच्या वरच्या झडपेतून बाहेर डोकावले. बाज नव्यानं विणलेली होती, बाळंतिणीचं वजन तोलायला. त्यावर स्टूल आणि त्यावर निवृत्त सुपरवायझर हे तिनं धरलं नव्हतं. दोरीनं एकदा 'कर्र' केलं. रघुजीराव झडपेत बगलेपर्यंत अडकले, हात बाहेर, पाय आत, आणि हातातला मोबाइल सुटून खाली नीलकंठरावांच्या कुंपणापलीकडच्या हौदात पडला.

"कोण आहे?" नीलकंठराव ओरडत आले. मग वर पाहून म्हणाले, "रघुजीराव, तुमच्याकडे दार आहे."

त्या अवस्थेत माणसानं काय उत्तर द्यावं? रघुजीरावांनी नमस्कार केला. हात मोकळे असल्यानं तेवढंच करता येत होतं. आणि त्याच वेळी, अर्ध्या हातावर, भोकातून लाल डोकं बाहेर आलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही भोकातून डोकं काढून बसलेले. पाखरानं मान तिरकी केली आणि आत गेलं. एवढा समंजसपणा रघुजीरावांना त्या आठवड्यात कुणीच दाखवला नव्हता.

मोबाइल तांदळात ठेवून जिवंत झाला. फोटोत मात्र एक चोच आणि नीलकंठरावांची गंजी आली होती.

शेवटी रघुजीराव आपल्या विद्येकडे वळले. एक वही घेतली, रकाने आखले, आणि मीटर वाचायचं तसं पाखरू वाचायला लागले. सकाळ-संध्याकाळ, ओट्यावर खुर्ची टाकून. 'सायं. ६.३२, लाल आत. पिवळा बाहेर, टेकडीच्या दिशेने रवाना. सकाळी ६.१०, लाल बाहेर. ६.१२, पिवळा आत.' आठ दिवसांच्या नोंदी, एकही चुकलेली नाही. दिवसा दोघं आलटून-पालटून, पण तिन्हीसांज झाली की लालच आत आणि उजाडेपर्यंत लालच आत.

बकुळाबाई रोज संध्याकाळी वहीवर नजर टाकत. "बघा," त्या म्हणत, आणि ते 'बघा' सरळ धारच्या दिशेनं जाई. "दिवसा थोडी मदत केल्यासारखं दाखवतो. अंधार पडायला लागला की निघाला टेकडीवर! रात्रभर अंड्यांवर कोण? तीच बिचारी. पाखरांत तरी वेगळं असेल म्हटलं तर तिथंही तेच."

रघुजीराव मान हलवत. नोंद त्यांनीच घेतलेली, नाकारणार कशी?

मग एकदा बकुळाबाई टेकडीवरच्या देवीच्या देवळात गेलेल्या पाहून त्यांनी चोरून धारला फोन लावला. अनीशनं उचलला.

"प्रियांका कशी आहे?"

"ठीक आहे, बाबा. पाय सुजून राहिले आहेत थोडे. मी दाबून देतो." थोडा थांबून तो म्हणाला, "आई कशा आहेत?"

"त्या… पाखराकडे असतात." आणि रघुजीरावांनी सगळी हकिकत सांगितली. ठिपके, हळद, कुंकू, भोक.

"अरे, मराठा सुतार!" अनीशच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. "गंधवानीकडे पळसांवर खूप दिसतो. मोकळं जंगल लागतं त्याला, सुकलेली झाडं लागतात. पुस्तकात पण हेच नाव आहे त्याचं. बाबा, ते लाल डोक्याचं जे आहे ना…" तो मध्येच थांबला. "जाऊ द्या. छान आहे पाखरू."

मराठा! रघुजीरावांची छाती चार बोटं वर आली. धार-देवासच्या गाद्यांच्या चाकरीत पिढ्या गेल्या, आणि आता परसात जातवाईक पाखरू. त्यांनी त्याच दुपारी पहिला रकाना ठळक अक्षरांत भरला. दुसऱ्यात लिहिलं, 'हमारे घर का पिछला आँगन.'

कचेरीनं फॉर्म परत केला.

"नाम तो सही है," फाईलवाला म्हणाला. त्यानं कुठूनसं एक पुस्तक पैदा केलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. "लेकिन रहवास गलत. किताब में लिखा है, खुला वन. आपने लिखा आँगन. अब किताब सही कि आप?"

"अहो, पण तो माझ्या अंगणात राहतो!"

"नियम से नहीं रह सकता." त्यानं गुटख्याची पुडी फाडली. "देखो बाबूजी, मैं आपका दुश्मन नहीं. कॉलेज वाली मैडम को कागज़ भेज देता हूँ. वो पंछियों की जानकार हैं. वो आके देख लें, साइन कर दें, तो पेड़ बच गया. नहीं तो सोमवार."

सोमवारच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. देवश्री त्यांचं नाव, तिशीतली मुलगी, गळ्यात दुर्बीण, पायात बूट. मराठी बोलत होती पण अडखळत, हिंदीच्या काठीला धरून. बकुळाबाईंनी तिच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली, वर शेव, जिरावण मसाला, लिंबू. नीलकंठराव बशीच्या वासानं की विद्वत्तेच्या ओढीनं, न बोलावता आलेच. सगुणाबाई दारात टेकल्या.

देवश्रीनं दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. चेहरा उजळला.

"काकू, तुम्ही लकी आहात. मराठा सुतारच आहे. पूर्ण जोडी आहे. आत अंडी असणार, किंवा पिलं निघालीही असतील."

"जोडी आहेच," बकुळाबाई कौतुकानं म्हणाल्या. "ती लाल डोक्याची आमची माहेरवाशीण. ओटी भरलीय मी तिची."

देवश्रीनं दुर्बीण खाली केली. "लाल डोक्याची?"

"हो. सवाष्ण."

"काकू…" तिनं पोह्यांची बशी आधी सुरक्षित जागी ठेवली. "लाल डोक्याचा नर असतो. मादीचं डोकं नुसतं पिवळं."

टकटकसुद्धा थांबली.

"असं कसं?" नीलकंठराव पुढं सरसावले. "कुंकू काय पुरुष लावतो?"

"सर, तो लावत नाही. त्याचं येतंच तसं."

दारात कसलातरी आवाज झाला. सगुणाबाई पदर तोंडात कोंबून खाली बसल्या होत्या. त्यांचे खांदे गदगदत होते. "मी तो पेलाज… चिड़ो बोली थी," एवढंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"म्हणजे मी ओटी कुणाची भरली?" बकुळाबाईंनी विचारलं. खुंटाला बांधलेला खण वाऱ्यावर हलत होता.

रघुजीराव मात्र हळूच आत गेले आणि वही घेऊन आले. त्यांच्या डोक्यात आठ दिवसांचे आकडे जागा बदलत होते, गाडीत बायकामाणसं चढल्यावर पुरुष उठून उभे राहतात तसे. त्यांनी वही देवश्रीपुढं धरली.

"मग रात्री आत हा… हा असतो?"

देवश्रीनं पानं उलटली. "काका, काय सुंदर नोंदी आहेत! हो, सुतारांमध्ये असंच असतं. दिवसा दोघं पाळीनं बसतात. रात्री नर बसतो. रोज. मादी दुसऱ्या झाडाच्या ढोलीत जाऊन झोपते. अंडी घालून दमलेली असते ना ती."

बकुळाबाईंनी वही घेतली. 'सायं. ६.३२, लाल आत.' 'सायं. ६.३०, लाल आत.' 'सायं. ६.३३, वादळ, लाल आत.' नवऱ्याच्या अक्षरातल्या त्या ओळी त्यांनी बोट ठेवून एकेक वाचल्या. मग वही मिटून रघुजीरावांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पोहे गार होतायत."

देवश्रीनं फॉर्मवर सही केली. रहवासाच्या रकान्यात तिनं 'आँगन' खोडलं नाही. पुढं लिहिलं, 'जहाँ सूखा पेड़ खड़ा रहने दिया जाए, वहाँ.' फाईलवाल्यानं हे कुठल्या नियमात बसवलं कोण जाणे, पण सोमवारी आरीवाले आले नाहीत.

त्या रविवारी दिवसभर बकुळाबाई परसात फिरकल्या नाहीत. संध्याकाळी मात्र पाट घेऊन परसात येऊन बसल्या. तुळशीपाशी दिवा लावला. पिवळ्या डोक्याची बाहेर आली, जरा पंख झटकले आणि टेकडीच्या बाजूला उडून गेली. तिच्या जाण्याकडे आज कुणी वाकडं पाहिलं नाही. मग तो आला. खोडाला चिकटला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चोचीत काहीतरी वळवळत होतं.

"पिलं निघालीत वाटतं," रघुजीराव म्हणाले.

"दमलेला दिसतोय," बकुळाबाई म्हणाल्या.

रघुजीराव गप्प राहिले. त्यांच्या साधनेचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

"फोन लावा धारला."

घंटी वाजली. अनीशनं उचलला. "आई? प्रियांका आत्ताच पडलीय जरा. उठवू का?"

"नको. तुमच्याशीच बोलायचंय, जावईबापू."

पलीकडे कारणे दाखवा नोटीस मिळाल्यासारखी खुर्ची सरकली.

"बाळाच्या टाळूवर तेल किती घालायचं, माहीत आहे?"

"न… नाही, आई. मी व्हिडिओ पाहून राहिलो होतो…"

"व्हिडिओ राहू द्या. लिहून घ्या."

"मराठीत मला भराभर नाही लिहिता येत. हिंदीत लिहू?"

"लिहा हो. तेलाला काय कळतंय."

मग अर्धा तास बकुळाबाई सांगत होत्या. तेल, शेक, धुरी, मान कशी धरायची, ढेकर कशी काढायची, बाळंतिणीला पहिला घास केव्हा, आणि तिला रडू आलं तर का म्हणून विचारायचं नाही. मधून मधून धारहून 'हाँ… हो… एक मिनट, आई' असं येत होतं. पेन कागदावर घासल्याचा आवाजही येत होता.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "लेकीला मूल होईतो तिच्या घरचं अन्न मी घेत नाही, तेवढं मला पाळू द्या. बाळ झालं की दुसऱ्या दिवशी मी धारला. शेगडी घेऊन येते. उजाडल्यापासून सगळं माझ्याकडे. तिन्हीसांज झाली की तुम्ही आत, मी बाहेर. पंधरा दिवस नाही, चाळीस. जमेल?"

धारहून पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अनीश म्हणाला, "जमेल. मला पाखराचं तेव्हाच माहीत होतं, आई. बाबांना सांगणार होतो. पण तुम्हाला वाटलं असतं, हा स्वतःची वकिली करून राहिला आहे."

बकुळाबाईंनी रघुजीरावांकडे पाहिलं. चोरून केलेला फोन उघडा पडला होता. रघुजीराव शिरीषाकडे पाहू लागले.

"आणि आई… मला अंगाई येत नाही."

"त्यात काय? म्हणा माझ्यामागं." बकुळाबाईंनी घसा साफ केला. ओवी त्यांच्या आईची, आईच्या आईची. तिच्यात माय होती. त्यांनी ती म्हणता म्हणता जागच्या जागी बदलली, आणि चाल जराही अडखळली नाही.

तिन्हीसांज झाली, दिवा तुळशीपाशी आला
पिलांच्या उशाशी, बाप अंथरूण झाला

धारहून ती ओळ परत आली ती ओळखू येईना. चाल डोंगर चढायला निघाली होती आणि 'अंथरूण' वाटेतच हरवलं होतं. पुन्हा सांगितलं, पुन्हा हरवलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या आवाजामागून दुसरा आवाज आला, झोपेतून उठलेला, हसून हसून दम लागलेला.

"आई ग! हा किती बेसुरा आहे!"

सोळा दिवसांनी लेकीच्या तोंडचा पहिला शब्द. बकुळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि आवाज होता तसाच ठेवला.

"असू दे. निदान म्हणतोय तरी. तुझ्या वेळी तुझे बाबा लोकांचे मीटर वाचत होते."

हा घाव अनपेक्षित होता. रघुजीरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खरं होतं. चौतीस वर्षांत हा एक आकडा त्यांच्याकडून टिपायचा राहिला होता.

"पुढं कसं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"ओवीचं."

बकुळाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि पाटावर जरा सरकून जागा केली. मग त्यांनी ओळ पुन्हा धरली. एका बाजूनं धारचे मास्तर, दुसऱ्या बाजूनं देवासचे निवृत्त सुपरवायझर, दोघं आपापल्या वेगळ्या चालीत त्यांच्यामागून निघाले. कुंपणापलीकडे नीलकंठरावांच्या घरातला रेडिओ कुणीतरी बंद केला. शिरीषाच्या भोकातून एक लाल डोकं बाहेर आलं, काय चाललंय ते त्यानं मान तिरकी करून ऐकलं, आणि पिलांपाशी आत गेलं.